घरातली पाल पाळावी काय?

प्राणिशास्त्राच्या शिक्षकाला विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे पुस्तकात सापडतात. काही प्रश्नांची उत्तरे देताना मात्र पुस्तकाबरोबर स्वतःचे मनही चाळावे लागते. गंगाकाठच्या एका लहान शहरात मी शिकवीत असताना असा एक प्रश्न माझ्यापुढे आला. डिसेंबरचे दिवस होते. आठव्या इयत्तेतील एक मुलगा लोणच्याची रिकामी बरणी घेऊन वर्गात आला. झाकणाला खिळ्याने भोके पाडलेली होती. तळाशी मूठभर वाळू, त्यात एक वाळकी काटकी, आणि त्या काटकीला बिलगून बसलेली एक फिकट राखी पाल. घराची झाडलोट चालू असता भिंतीवरची तसबीर हलविली, तेव्हा तिच्यामागे ही पाल निघाली होती. घरातील वडील माणसे केरसुणी घेऊन धावली आणि या मुलाने तिला वाचविले. "गुरुजी, मी हिला पाळू का?" त्याने विचारले.

मी होकार दिला. मुलाची जिज्ञासा मोडू नये, एवढाच माझा हेतू होता. थंडीत तिला ऊब मिळावी म्हणून बरणी खिडकीत, उन्हात ठेवण्याची सूचनाही माझीच. चौथ्या दिवशी पालीचे शेपूट वाळूत तुटून पडलेले आढळले. मुलांनी आत सोडलेले झुरळ जसेच्या तसे फिरत होते. पालीने त्याच्याकडे पाहिलेही नव्हते. बाराव्या दिवशी ती मेली. मुलगा रडला नाही. त्याने एवढेच विचारले, "माझे काय चुकले?"

चूक त्याची नव्हती, माझी होती. मी उत्साहाने होकार दिला, परंतु पालीविषयी आपणांस किती माहिती आहे, हे आधी तपासून पाहिले नाही. पुढील विवेचन म्हणजे त्या मुलाला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे. ज्या शाळांतून व वाचनालयांतून ही पुस्तिका जाईल, तेथे असा प्रश्न विचारणारी मुले निश्चितच असतील.

ही रहिवासी कोण?

हिंदी भाषिक हिला छिपकली म्हणतात, बंगाली टिकटिकी म्हणतात. तमिळमध्ये ती पल्ली, तेलुगूत बल्ली, कन्नडमध्ये हल्ली, गुजरातीत गरोळी. संस्कृतातील 'गृहगोधिका' हे नाव तर तिचा पत्ताच सांगते. जिला देशाच्या बहुतेक भाषांनी घरगुती नाव दिले आहे, ती आपल्याकडे काल आलेली पाहुणी नव्हे.

तथापि 'पाल' हे नाव एका जातीचे नाही. उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशात घरोघर दिसणारी, पिवळसर पोटाची, अंगाने भरलेली पाल ही एक जात. शास्त्रज्ञ तिला 'हेमिडॅक्टिलस फ्लेविव्हिरिडिस' म्हणतात. दक्षिणेत, पूर्वेस व किनारपट्टीवर आढळणारी, 'चिक्-चिक्-चिक्' असा स्वच्छ आवाज काढणारी बारीक अंगाची पाल ही दुसरी जात. तिचे शास्त्रीय नाव 'हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस'. झाडांच्या सालीवर राहणारी व खेड्यांतील घरांतही वावरणारी 'हेमिडॅक्टिलस लेशेनॉल्टी' ही तिसरी. या तिन्ही जातींचे शास्त्रीय वर्णन १८३५-३६ या दोन वर्षांत युरोपात प्रसिद्ध झाले. पुढे १९३५ मध्ये माल्कम स्मिथ यांनी ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत सरड्या-पालींचा स्वतंत्र खंड लिहिला, आणि १९९२ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने टिकादर व शर्मा यांचा भारतीय सरड्या-पालींवरील मार्गदर्शक ग्रंथ प्रकाशित केला.

एवढ्यावरून पालींविषयीचे सारे ज्ञान संपादन झाले आहे, असे कोणी समजू नये. २०२० साली गुवाहाटी या गजबजलेल्या नगरीत पालीची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदविली. तिचे नाव ठेवण्यात आले 'सर्टोडॅक्टिलस अर्बॅनस', म्हणजे नगरवासी. लाखो माणसांच्या वस्तीत एक प्राणी राहत होता आणि तो वेगळा आहे, हे तोपर्यंत विज्ञानाला ठाऊक नव्हते. सह्याद्रीतील डोंगरांतूनही गेल्या काही दशकांत पालींच्या अनेक नव्या जाती उजेडात आल्या आहेत. म्हणूनच 'पालीत काय पाहायचे!' असे म्हणणारा मनुष्य स्वतःच्या अज्ञानाचीच ग्वाही देत असतो.

भिंतीवरचा चमत्कार

पाल काचेवरून सरळ वर चढते आणि छतावरून उलटी चालते. ही गोष्ट मनुष्य फार प्राचीन काळापासून पाहत आला आहे. ॲरिस्टॉटलनेही झाडाच्या खोडावर वरखाली धावणाऱ्या पालीचा उल्लेख केला आहे. तिच्या पायाला डिंक असतो, किंवा तिच्या बोटांना पेल्यासारखी चोखणी असतात, असे कित्येकांना वाटते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. तिच्या बोटांच्या खालच्या बाजूस आडव्या पट्ट्या असतात आणि त्या पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केसांचे दाट रान असते. ईशान्य भारतात व आग्नेय आशियात राहणाऱ्या टोके या मोठ्या पालीच्या एकेका पायावर असे सुमारे पाच लक्ष केस असल्याचे मोजण्यात आले आहे. प्रत्येक केसाचे टोक पुन्हा शेकडो शाखांत विभागलेले असते. या शाखा भिंतीच्या इतक्या जवळ पोहोचतात की, पदार्थाच्या रेणूरेणूंमध्ये असणारे दुर्बळ आकर्षण तेथे प्रभावी ठरते. एका केसाचे बळ नगण्य. परंतु लक्षावधी केसांचे एकत्रित बळ पालीचे सारे वजन सहज पेलते. एकाच केसाची ओढ प्रत्यक्ष मोजण्याचा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर हा विचार पक्का होत गेला.

तिच्या डोळ्यांचेही तसेच. आपल्या घरपालींना उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक आवरण असते आणि ते स्वच्छ ठेवण्यासाठी पाल आपल्याच जिभेने डोळा चाटते. दिवसा तिची बाहुली उभ्या चिरेएवढी बारीक होते. अंधार पडला की ती विस्फारते. वायव्य आफ्रिकेतील एका निशाचर पालीवर स्वीडनमधील संशोधकांनी केलेले प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मंद चंद्रप्रकाशात माणसाला सर्व वस्तू करड्याच दिसतात, त्या प्रकाशात ही पाल रंग ओळखते, असे त्यांतून सिद्ध झाले.

शेपटाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे, परंतु तिचा अर्थ थोड्यांस ठाऊक असतो. पालीच्या शेपटातील मणक्यांमध्ये मुळातच तुटण्याच्या जागा असतात. शत्रूने शेपूट धरले की स्नायू आवळले जातात, शेपूट तेथे विलग होते व वळवळत राहते. शत्रूचे लक्ष तिकडे जाते आणि पाल निसटते. पुढे नवे शेपूट फुटते. परंतु त्यात मणके नसतात, कूर्चेचा एक सलग दांडा असतो. म्हणून नवे शेपूट पहिल्यासारखे नसते. त्याचा रंग व खवल्यांची ठेवण निराळी दिसते. महत्त्वाची गोष्ट अशी की, पालीचे शेपूट हे तिचे कोठारही असते. सुगीच्या दिवसांत मिळालेल्या अन्नाची चरबी ती तेथे साठविते. शेपूट गमावणारी पाल वर्षभराच्या शिध्यातील मोठा वाटा फेकून जीव वाचवीत असते.

बरणीत काय घडते?

आता माझ्या चुकीकडे वळतो. पाल स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करीत नाही. भिंत तापली की तीही तापते, भिंत निवली की तीही निवते. म्हणूनच ती सतत जागा बदलीत असते. उन्हाने दिवसभर तापलेल्या भिंतीचा कोपरा, दिव्याजवळची उबदार जागा, माळ्याखालचा थंड अंधार, यांतून ती आपणांस हवी ती उष्णता निवडून घेते. उत्तर भारतात कडाक्याची थंडी पडली की ती तसबिरीमागे, चौकटीच्या फटीत किंवा भिंतीच्या भेगेत जाऊन निपचित बसते. अशा वेळी तिचे सर्व शरीरव्यापार मंदावतात आणि साठविलेल्या चरबीवर ती आठवडेच्या आठवडे काढते. ती ना आजारी असते, ना उपाशी. ती वाट पाहत असते.

त्या मुलाला सापडलेली पाल अशीच वाट पाहत बसलेली होती. आम्ही तिला उन्हात ठेविले. दिवसा काचेच्या बरणीत उष्णता कोंडली, शरीराची यंत्रे नको त्या वेळी चालू झाली आणि साठ्यातील चरबी खर्च होऊ लागली. रात्री बरणी गार पडे, आणि पोटात काही गेले असते तरी ते पचले नसते. पळावयास वाट नाही, शिरावयास फट नाही, चारी बाजूंनी मोठमोठे चेहरे डोकावताहेत. अशा भयाने तिने शेपूट टाकले आणि त्याबरोबर उरलासुरला शिधाही गेला. आम्ही दया केली, तीच तिला भोवली.

थंडीचे दिवस नसते तर ती जगली असती काय? कदाचित काही आठवडे अधिक जगली असती. रानातून किंवा भिंतीवरून धरलेल्या पालीला जगविण्यासाठी काय लागते, ते पाहा. एका टोकास उबदार व दुसऱ्या टोकास थंड अशी प्रशस्त जागा लागते. पोट आणि पाठ दोन्ही टेकतील अशा अरुंद फटी लागतात, कारण अंग चेपून बसल्याखेरीज तिला सुरक्षित वाटत नाही. पाणी ती बहुधा वाटीतून पीत नाही; भिंतीवरचे, पानावरचे थेंब चाटते. हवा फार कोरडी झाली की कात नीट निघत नाही. तिचे तुकडे बोटांभोवती आवळून राहतात आणि बोटे निकामी होतात. अन्न जिवंत व हलते हवे, आणि तेही नाना प्रकारचे हवे. रोज एकाच जातीचे किडे दिले तर कॅल्शियम कमी पडते, हाडे मऊ होतात व पाल वाकडी होऊ लागते. मोकळी पाल या साऱ्या गोष्टी एका रात्रीत, एका भिंतीवर, कोणाच्याही मदतीशिवाय मिळविते. आपण मोठ्या खटाटोपाने तिला जे देऊ, ते तिच्याजवळ आधीपासूनच आहे.

पाळण्याच्या बाजूने काय म्हणता येईल?

विरुद्ध बाजूचे म्हणणे ऐकल्यावाचून निर्णय देणे योग्य नव्हे. पहिला आक्षेप असा की, परदेशांत पुष्कळ लोक पाली पाळतात, मग आपणच का नको? हे खरे आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान व लगतच्या वायव्य भारतात मूळ असलेली बिबट्या ठिपक्यांची पाल युरोप-अमेरिकेत फार लोकप्रिय आहे. परंतु तेथे पाळल्या जाणाऱ्या अशा बहुतेक पाली पिंजऱ्यातच, अनेक पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या आईबापांपोटी जन्मलेल्या असतात. भिंतीवरून धरून आणलेली पाल आणि ही पाल यांत, रानातून पकडलेला पोपट आणि अंगणातली कोंबडी यांत असावे तितके अंतर आहे. एकीचे उदाहरण दुसरीला लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप असा की, घरात पाली इतक्या आहेत. त्यांतील एक उचलली तर जगाचे काय बिघडणार? जगाचे फारसे बिघडणार नाही, हे मी मान्य करतो. घरपाल ही दुर्मिळ होत चाललेली जात नव्हे. परंतु प्रश्न केवळ जातीचा नसतो, त्या एका जिवाचाही असतो. घरपाल अनेक वर्षे जगू शकते, आणि त्यांतील बराच काळ ती ठराविक भिंती, ठराविक फटी, ठराविक दिवा यांच्या आश्रयाने काढते. तिला उचलणे म्हणजे तिचा सगळा मुलूख हिरावून घेणे होय.

येथे आणखी एक धोका सांगितला पाहिजे. पाळलेल्या पालीचा कंटाळा आला, अथवा वडिलांची बदली झाली, की मुले तिला 'सोडून देतात', आणि पुष्कळदा भलत्याच गावी सोडतात. हा प्रकार दिसतो तितका निरुपद्रवी नाही. 'चिक्-चिक्' करणारी आपली बारीक पाल जहाजांतील मालाबरोबर जगभर पसरली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ती प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर पोहोचली. तेथे आधीपासून राहणारी एक लहान, शांत स्वभावाची पाल त्यानंतर शहरी वस्त्यांतून मागे हटत गेली. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी प्रयोग करून याचे कारण शोधिले. दिव्यांभोवती किडे एका जागी गोळा होतात, आणि तेथे नवी पाल अधिक मोठी, अधिक चपळ असल्यामुळे घास आधी पटकावते. एका ठिकाणची सामान्य पाल दुसऱ्या ठिकाणी संकट ठरू शकते, ती अशी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. प्राणी जवळ बाळगल्याने मुलाच्या मनात त्याच्याविषयी प्रेम उत्पन्न होते. दूर ठेवल्याने उत्पन्न होते ती केवळ उदासीनता. यात मोठे तथ्य आहे. परंतु जवळ असणे आणि ताब्यात असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वाघाविषयी प्रेम असणाऱ्याला वाघ पाहण्यासाठी शेकडो मैल जावे लागते. पालीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. ती आपल्या उशाशी, आपल्या दिव्याखाली राहते. पिंजऱ्यावाचून रोज जवळून पाहता येतील असे रानटी प्राणी जगात थोडे, आणि पाल त्यांपैकी एक आहे. तिला कोंडणे म्हणजे नदीकाठी राहून नदी घागरीत भरून ठेवण्यासारखे आहे. घागरीत पाणी राहील, नदी राहणार नाही.

केरसुणी आणि बरणी

अनेक वाचकांच्या घरी हा प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहतो. तेथे पाल पाळण्याची इच्छा कोणालाच नसते. तिला मारण्याची असते. पाल अंगावर पडली तर अमुक अवयवावर पडल्याचे अमुक फळ, असे सांगणारे पल्लीपतनाचे कोष्टक कित्येक पंचांगांतून छापलेले असते. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात छतावर सोन्याचांदीच्या पत्र्याने मढविलेल्या पाली आहेत आणि त्यांना स्पर्श केला असता दोष निवारण होतो, अशी भाविकांची श्रद्धा आहे. मराठीत तर मनात संशय आला की 'शंकेची पाल चुकचुकली' असे आपण म्हणतो. वास्तविक ती बिचारी कोणाच्याही कार्यात विघ्न सुचवीत नसते. 'ही भिंत माझी आहे' असे दुसऱ्या पालीला बजावण्यासाठी, किंवा जोडीदाराला साद घालण्यासाठी ती आवाज करीत असते.

पाल विषारी आहे, ही समजूत तर देशभर पसरलेली आहे. दुधात पाल पडली आणि माणसे दगावली, अशा वार्ता आपण ऐकतो. भारतातील कोणत्याही घरपालीच्या दातांत, कातडीत वा शेपटात विष नाही. तथापि भय निराधार आहे म्हणून सावधगिरी सोडावी, असेही नव्हे. पालीच्या आतड्यांत साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात व ते तिच्या विष्ठेतून अन्नात गेल्यास जुलाब, उलट्या व ताप येऊ शकतो. म्हणून पाल पडलेले अन्न टाकून द्यावे, स्वयंपाकाची भांडी झाकून ठेवावीत, आणि पालीला हात लागल्यास साबणाने हात धुवावे. पाल पाळण्याच्या विरुद्ध हेही एक कारण आहेच. लहान मुले प्राण्याला हाताळतात आणि तोच हात तोंडात घालतात. मात्र केरसुणी उगारण्याचे हे कारण होऊ शकत नाही. डास, पतंग, लहान झुरळे, कोळी, पावसाळ्याच्या आरंभी दिव्यावर झेपावणारी पंखांची वाळवी हे तिचे भक्ष्य. ती घरातील किड्यांचा समूळ नाश करीत नाही, परंतु आपल्या वाट्याचे काम रोज रात्री बिनपगारी करते.

या दृष्टीने पाहता, बरणी घेऊन आलेला तो मुलगा केरसुणी घेऊन धावलेल्या मोठ्या माणसांहून सत्याच्या अधिक जवळ होता. त्याचे बरोबर होते ते हे की, पाल मारण्याजोगी नाही. पुढचे पाऊल त्याला दाखविणे हे माझे काम होते, आणि त्या वेळी ते माझ्या हातून घडले नाही.

किंमत लागली की काय होते?

पाल ही बाळगण्याची, पुढे विकण्याची वस्तू आहे असे ठरले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. वर उल्लेखिलेली टोके पाल ईशान्य भारतात आढळते. फूटभर लांब, निळसर अंगावर नारिंगी ठिपके, आणि 'टोक्-के' असा घुमणारा आवाज. तिच्या मांसाने एड्स बरा होतो, अशी अफवा आग्नेय आशियात पसरली. या म्हणण्याला वैद्यकाचा काडीचाही आधार नाही. फिलिपीन्सच्या सरकारने २०११ मध्ये आपल्या जनतेस तसा जाहीर इशाराही दिला. परंतु तोवर एकेका पालीला अवास्तव किमती सांगितल्या जाऊ लागल्या होत्या, आणि ईशान्येतील गरीब खेडूत झाडांतून व घरांतून त्या धरू लागले. २०१९ पासून टोके पालीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'सायटीस' करारान्वये नियंत्रण आहे. भारतातही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तिला संरक्षण असून तिला पकडणे वा विकणे हा गुन्हा आहे. घरपालीला अशी किंमत कोणी देत नाही, हे तिचे भाग्य. परंतु 'सापडले ते माझे' ही वृत्ती दोन्हीकडे एकच आहे. रानात, डोंगरात भटकताना दिसलेली अपरिचित पाल तर मुलांनी मुळीच उचलू नये. ती कोणत्या जातीची आहे आणि कायद्याने संरक्षित आहे काय, हे जाणकारालाही पुष्कळदा पाहताक्षणी सांगता येत नाही.

मग काय करावे?

माझे मत असे आहे की, पाल पाळू नये, पाहावी. पाहणे हे पाळण्यापेक्षा अवघड काम आहे, कारण त्यात प्राण्याच्या सोयीने आपणांस चालावे लागते. त्यासाठी एक वही, एक पेन्सिल, शक्य झाल्यास एक साधा तापमापक आणि रोज संध्याकाळची पंधरा मिनिटे एवढेच साहित्य पुरेसे आहे. दिवा लागल्यावर एकाच खोलीतील किंवा व्हरांड्यातील भिंत निवडावी आणि तारीख, वेळ, तापमान, दिसलेल्या पालींची संख्या व त्यांच्या जागा टिपून ठेवाव्यात. पाली एकमेकींसारख्या दिसतात असे वाटते. परंतु एकीचे शेपूट अखंड असते, दुसरीचे नव्याने फुटलेले असते, तिसरीच्या पाठीवर एखादा डाग असतो. आठवडाभरात मुले त्यांना ओळखू लागतात. कोणती पाल कोणाला दिव्याजवळून हुसकावते, कोणता किडा ती पकडते व कोणता सोडून देते, पाऊस पडल्यावर संख्या वाढते की घटते, या प्रश्नांची उत्तरे वहीतूनच निघतात.

उन्हाळ्यात कपाटामागे किंवा दिव्याच्या खोबणीत दोन पांढरी, गोल, कठीण कवचाची अंडी आढळली तर ती हलवू नयेत, फिरवू नयेत. जागा टिपून ठेवावी आणि दीड-दोन महिने धीर धरावा. पाल न्हाणीतील बादलीत किंवा गुळगुळीत घंगाळात अडकली असेल तर पकडण्याऐवजी एक काठी तिरकी टेकवून ठेवावी. ती आपली आपण वर येते. उंदरांसाठी लावलेल्या चिकट कागदावर एखादी पाल चिकटलीच, तर ओढू नये. मोठ्या माणसाच्या मदतीने थोडे गोडे तेल लावून हळूहळू सोडवावी व अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. हिवाळ्यात तसबिरीमागे निपचित पाल दिसली, तर तसबीर होती तेथे परत ठेवावी. याहून अधिक काही करण्याची आवश्यकता नाही.

शाळांनी हे काम एखाद्या वर्गाकडे वर्षभरासाठी सोपवावे. वाचनालयांना माझी अशी सूचना आहे की, मुलांनी भरलेल्या अशा वह्या जपून ठेवण्यासाठी एक कप्पा मोकळा ठेवावा. दहा वर्षांच्या नोंदी एकत्र झाल्या, म्हणजे आपल्या गावातील पाली हिवाळ्यात केव्हा नाहीशा होतात व केव्हा परततात, एका जातीची जागा दुसरी घेत आहे काय, हे सांगता येईल. असे ज्ञान मोठ्या प्रयोगशाळेत बसून मिळत नाही; ते गावोगावच्या भिंतींवरूनच गोळा करावे लागते.

त्या मुलाने पुढील वर्षी अशी वही ठेविली. पावसाळ्यातील पाने दाट भरलेली होती. नोव्हेंबर संपताना ओळी विरळ झाल्या, आणि मग पानामागून पान तारखेपुढे एकच वाक्य होते, 'आज दिसली नाही.' थंडीच्या दिवसांत कंटाळून बहुतेक मुलांनी वह्या बंद केल्या. याने केली नाही. फेब्रुवारी सरत आला असता एके संध्याकाळी तो धावत माझ्या घरी आला व त्याने वही पुढे केली. त्या दिवसाच्या तारखेपुढे त्याने लिहिले होते, 'सात वाजून दहा मिनिटे. तसबिरीमागून बाहेर आली. शेपूट अखंड.'

बरणीतल्या पालीने जे आम्हांला शिकविले नाही, ते या एका ओळीत होते.